अटलांटिकातला बिनचुन्याचा मठ

पोर्टमॅगी हे आयर्लंडच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातलं, केरी परगण्यातलं छोटंसं मच्छीमार गाव. उन्हाळ्यात तिथल्या धक्क्यावर रोज सकाळी एकच चर्चा असते : आज खडकावर उतरता येईल का? आकाश निरभ्र असलं तरी उत्तर ‘नाही’ असू शकतं, कारण प्रश्न पावसाचा नसून लाटेचा आहे. ज्या बेटावर जायचं त्याला ना बंदर, ना पुळण. कड्याच्या पायथ्याशी एक अरुंद धक्का तेवढा आहे. बोट त्याला क्षणभर टेकते, लाटेनं ती वर उचलली की माणसानं पाऊल टाकायचं. नावाडी ‘आज जमणार नाही’ म्हणाला, की तिकीट हातात असूनही घरी परतायचं.

या बेटाचं नाव स्केलिग मायकेल. किनाऱ्यापासून सुमारे १२ किलोमीटर आत, भर अटलांटिकात उभा असलेला हा दोन शिखरांचा सुळका आहे. उंची २१८ मीटर, क्षेत्रफळ जेमतेम २२ हेक्टर, म्हणजे ५४ एकरांच्या आसपास. त्यातही सपाट म्हणावी अशी जमीन जवळपास नाहीच. ‘स्केलिग’ या आयरिश शब्दाचा अर्थच मुळी कडा, सुटा उभा खडक. आणि या खडकाच्या खांद्यावर, समुद्रापासून सुमारे १८० मीटर उंचीवर, एक अख्खा मठ उभा आहे. सहा कुट्या, दोन प्रार्थनागृहं, एक चर्च, एक दफनभूमी, पाण्याची टाकी आणि भाजीचा मळा. चर्चचं बांधकाम सोडलं तर बाकी कशातही चुना नाही. दगडावर नुसता दगड ठेवलेला आहे.

स्केलिगबद्दल लिहिताना बहुतेक जण तिथल्या भिक्षूंच्या वैराग्याविषयी भारावून लिहितात. वैराग्य होतंच, पण ते डोळ्यांना दिसत नाही. हजार-बाराशे वर्षांनंतर आज तिथे जे दिसतं, ते आहे गवंडीकाम. त्या माणसांची श्रद्धा कशी होती हे जाणून घ्यायचं असेल, तर त्यांनी दगड कसा बसवला ते पाहायला हवं.

आधी हे की ते इथे आले का. ख्रिस्ती धर्मातल्या संन्यासाची सुरुवात इजिप्तच्या वाळवंटात झाली. तिसऱ्या-चौथ्या शतकांत संत अँथनी आणि त्यांच्या मार्गानं जाणारे इतर साधक वस्ती सोडून वाळवंटात राहायला गेले. त्यांची चरित्रं पुढे युरोपभर वाचली गेली आणि पाचव्या-सहाव्या शतकांत नव्यानं ख्रिस्ती होत असलेल्या आयर्लंडमध्येही पोचली. पण आयर्लंड हा हिरवागार, बारमाही ओला मुलूख. तिथे वाळवंट आणायचं कुठून? तिथल्या साधकांनी शब्द तोच ठेवला आणि जागा बदलली. वाळवंटासाठीच्या लॅटिन शब्दावरून आयरिश भाषेत ‘डिसर्ट’ हा शब्द रुळला आणि त्याचा अर्थ झाला एकांतवासाची जागा. आजही आयर्लंडच्या नकाशावर या नावाची कितीतरी गावं सापडतात, आणि त्यांच्या भोवती वाळूचा कणसुद्धा नसतो. काहींनी हे ‘वाळवंट’ समुद्रात शोधलं. लाकडी सांगाड्यावर चामडं ताणून केलेल्या हलक्या होड्यांतून ते ओसाड बेटांकडे निघाले. डिकुइल नावाच्या आयरिश विद्वान भिक्षूनं ८२५ च्या सुमारास लिहून ठेवलंय, की अशा साधकांपैकी काही जण उत्तरेकडच्या दूरच्या एका बेटापर्यंत जाऊन राहिले होते. हे वर्णन आइसलँडचं असावं, असं अभ्यासक मानतात.

स्केलिगचा मठ संत फिओनान यांनी स्थापला अशी परंपरा आहे. सहाव्या ते आठव्या शतकांदरम्यान केव्हातरी ही वस्ती झाली. पहिला भक्कम लेखी पुरावा एका स्मरणपंजिकेत सापडतो. संतांची नावं त्यांच्या मृत्युतिथीनुसार नोंदवणाऱ्या या यादीत ‘स्केलिगचा सुइव्ने’ असं एक नाव आहे. बाकी त्याच्याविषयी काहीच कळत नाही. त्यानंतरची नोंद मात्र चटका लावणारी आहे. ७९५ पासून व्हायकिंगांच्या नौका आयर्लंडच्या किनाऱ्यांवर धाडी घालू लागल्या होत्या. ८२४ च्या सुमारास त्या स्केलिगला आल्या. इथे लुटायला सोनं-चांदी फारशी नसावी. त्यांनी एट्गाल नावाच्या भिक्षूला पळवून नेलं आणि तो थोड्याच दिवसांत भुकेनं आणि तहानेनं मेला, एवढंच वर्षवृत्तांत लिहिलेलं आहे. तरीही मठ बंद पडला नाही. १०४४ च्या एका मृत्युनोंदीत पहिल्यांदा ‘मायकेलचं स्केलिग’ असं नाव येतं, म्हणजे तोवर हे बेट देवदूत मायकेल याच्या नावे झालेलं होतं. उंच, कडेलोटाच्या जागा या देवदूताला वाहण्याची तेव्हा युरोपभर रीतच होती. फ्रान्सचं माँ साँ मिशेल हे त्यातलं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण.

आता दगडांकडे येऊ.

उतारावर घर बांधायचं तर आधी जमीन तयार करावी लागते. भिक्षूंनी कड्याच्या बाहेरच्या अंगाला आधारभिंती रचल्या, त्यांच्या मागे भर घातली आणि माच्या तयार केल्या. पाहुणा कुट्यांचे फोटो काढतो, पण त्याच्या पायाखालची फरसबंदी ज्या भिंतीवर तोललेली आहे तिच्याकडे त्याचं लक्ष जात नाही. खरं अवघड काम ते होतं. खाली दीडशे मीटर मोकळी हवा आणि समुद्र असताना त्या भिंतीचा पहिला दगड कुणीतरी वाकून बसवला असणार.

मठापर्यंत जाणाऱ्या पायऱ्याही त्यांच्याच. वेगवेगळ्या वाऱ्यांत वेगवेगळ्या बाजूंनी उतरता यावं, म्हणून पूर्व, दक्षिण आणि उत्तर अशा तीन वाटा होत्या. आज लोक दक्षिणेच्या वाटेनं सहाशेहून अधिक पायऱ्या चढतात. दोन शिखरांमधल्या खिंडीत, सुमारे १३० मीटरवर, जरा दम खाता येतो. या खिंडीला ‘ख्रिस्ताचं खोगीर’ म्हणतात. पायऱ्या म्हणजे सुट्या, जड फरश्या. एकीच्या मागच्या कडेवर दुसरीची पुढची कड. कठडा कुठेच नाही.

आणि मग त्या कुट्या. इंग्रजीत त्यांना मधमाश्यांच्या पोळ्याची उपमा देतात, कारण युरोपात पूर्वी गवताच्या घुमटाकार टोपलीत मधमाश्या पाळत. आपल्याला त्या उपड्या घातलेल्या डालग्यासारख्या वाटतील. आयरिश नाव ‘क्लोहान’. आत शिरायचं तर कमरेत वाकावं लागतं, इतकं दार बुटकं. सरळ उभं राहिलं की पहिलं आश्चर्य : बाहेरून गोल दिसणारी ही कुटी आतून चौकोनी आहे. भिंतींत देवळ्यांसारखे कोनाडे ठेवलेत. भिंतीतून काही दगड खुंटीसारखे पुढे आलेत. पोथीची पिशवी अडकवायला ते उपयोगी पडत असावेत. मान वर केली की थरामागून थर आत झुकत जाताना दिसतात आणि माथ्यावर एका दगडाशी सगळं मिटतं. सर्वांत मोठ्या कुटीची आतली उंची सुमारे पाच मीटर आहे. आधाराला लाकूड नाही, कमान नाही, चुना नाही.

हे उभं कसं राहिलं? कोकणात दोन बागांच्या मध्ये गडगा घालतात, तोही बिनचुन्याचाच असतो. पण गडग्याला छप्पर व्हायचं नसतं. इथे प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा थोडासा आत सरकवलेला आहे. दगडाचं तोंड पोकळीकडे आणि लांब शेपूट भिंतीत. शेपटीवर वरच्या थरांचं ओझं, म्हणून तोंड खाली झुकत नाही. घेर पूर्ण गोल असेल तर एकाच थरातले शेजारी दगड एकमेकांना आवळून धरतात आणि आत कोसळू देत नाहीत. शिवाय दगड किंचित बाहेरच्या बाजूला उतरते ठेवले, की भिंतीत शिरलेलं पावसाचं पाणी आत न ठिबकता बाहेर निघून जातं. स्केलिगचा वालुकाश्म पातळ, सपाट तुकड्यांत फुटतो, हे त्यांचं नशीब. पण कुठला तुकडा कुठे बसेल हे हातात घेऊनच कळतं, आणि ते कळणारे हात पिढ्यान्‌पिढ्या तयार करावे लागतात.

पाण्याचं गणितही असंच जमवलेलं. बेटावर झरा नाही, ओढा नाही. वरच्या उघड्या कातळावर पडणारं पावसाचं पाणी वळवून ते टाक्यांत साठवत. मठाच्या खालच्या माचीवर, भिंतीच्या आडोशाला, भाजीचा मळा केला होता. खारा वारा अडला आणि दगड ऊन धरून राहिला, की त्या तेवढ्या तुकड्यात हवा जरा उबदार होते. मासे होते, समुद्रपक्षी होते, वसंतात त्यांची अंडी होती. धान्य मात्र किनाऱ्यावरूनच येत असणार, आणि हिवाळ्यात होडी घालणं म्हणजे मरणाला आमंत्रण. एका वेळी इथे डझनभर भिक्षू आणि एक मठाधिपती राहत असावेत, असा अंदाज आहे.

डझनभर माणसांचा हा सहवाससुद्धा कुणाला तरी जास्त वाटला. खिंडीच्या पलीकडचं दक्षिण शिखर मठाच्या शिखरापेक्षा उंच आणि कितीतरी बिकट. वर जायला ‘सुईचं नेढं’ नावाच्या उभ्या भेगेतून, पाठ एका भिंतीला आणि पाय दुसऱ्या भिंतीला टेकवत चढावं लागतं. तिथे बांधकामाचे काही अवशेष आहेत हे माहीत होतं, पण ते नेमके काय हे नीट तपासलं गेलं ते १९८० च्या दशकात. कला-इतिहासकार वॉल्टर हॉर्न, त्यांच्या सहकारी जेनी व्हाइट मार्शल आणि वास्तुरचनाकार ग्रेलन रूर्क यांनी त्या अवशेषांचा अभ्यास केला. १९९० मध्ये त्यांचं पुस्तक आलं. माथ्याजवळच्या अरुंद कंगोऱ्यांवर त्यांना तीन माच्यांच्या खुणा मिळाल्या. एक मळ्यासाठी असावी, एकीवर छोटं प्रार्थनागृह, आणि तिसरी पार टोकाला. कातळात पावसाचं पाणी धरणारी कुंडंही खोदलेली आहेत. त्यांच्या मते हे नवव्या शतकातल्या एकांतवाशाचं ठिकाण होतं. जिथे गिर्यारोहकाला आज दोर लागतो, तिथे कुणीतरी दगड वाहून नेले आणि समुद्रापासून दोनशे मीटर उंचीवर भिंत घातली. मठातलं गवंडीकाम थक्क करतं. हे मात्र पाहताना छातीत धस्स होतं.

कित्येक शतकं नांदलेला हा मठ बाराव्या शतकाच्या अखेरीस किंवा तेराव्याच्या सुरुवातीला रिकामा झाला. हवामान थंड आणि वादळी होत गेलं, आणि आयरिश चर्चची घडीही बदलत होती. भिक्षू किनाऱ्यावर बालिनस्केलिग्सला उतरले; तिथे ऑगस्टिनियन पंथाचा मठ झाला. त्याचे अवशेष आज समुद्राच्या काठाशी उभे आहेत. १५७८ च्या सुमारास इंग्लंडच्या राणीच्या अमलाखाली तोही बंद झाला आणि बेट खासगी मालकीत गेलं.

भिक्षू गेले, यात्रेकरू येत राहिले. प्रायश्चित्तासाठी लोक पायऱ्या चढत, आणि त्यांतले धाडसी दक्षिण शिखराच्या टोकाशी पुढे आलेल्या अरुंद दगडावर सरपटत जाऊन तिथे कोरलेल्या क्रुसाचं चुंबन घेत. चार्ल्स स्मिथनं १७५६ मध्ये केरी परगण्याच्या इतिहासात याचं वर्णन केलं आहे. आणखी एक गमतीचा रिवाज या खडकामुळे जन्माला आला. ईस्टरपूर्वीच्या उपवासाच्या काळात लग्नं लागत नसत. पण स्केलिगवर जुनं पंचांग चालतं, त्यामुळे तिथे उपवास उशिरा सुरू होतो, अशी लोकांची समजूत होती. मग उपवास लागेपर्यंत ज्यांचं लग्न जमलं नाही, त्या तरुण-तरुणींना ‘आता गाठा स्केलिग’ म्हणून चिडवायचं! एकोणिसाव्या शतकात कॉर्क आणि केरी भागांत अशा अविवाहितांच्या जोड्या जुळवून विनोदी पद्यं रचली जात, ती छापून वाटलीही जात. त्यांना ‘स्केलिग याद्या’ म्हणत. ऐन शिमग्याच्या दिवसांतली ही थट्टा आपल्याकडच्या फागांच्या फार जवळची आहे.

१८२६ च्या डिसेंबरात बेटावर दोन दीपगृहं लागली. त्यांच्या बांधकामासाठी कड्याला कोरून रस्ता केला गेला आणि त्यात पूर्वेकडच्या पायऱ्यांचा खालचा भाग गेला. दीपगृहाचे रखवालदार आपली बायका-मुलं घेऊन इथे राहत. १८६० च्या दशकात एका रखवालदाराची दोन लहान मुलं बेटावर वारली. मठातल्या पडक्या चर्चमध्ये त्यांच्या नावाचा दगड आहे. भिक्षूंच्या निनावी थडग्यांच्या शेजारी ती दोन नावं वाचताना पाऊल अडखळतं. १९८७ मध्ये दीपगृह स्वयंचलित झालं आणि शेवटचे रखवालदारही उतरले. नाटककार जॉर्ज बर्नार्ड शॉ १९१० च्या सप्टेंबरात वल्ह्यांच्या होडीतून इथे येऊन गेले. परतल्यावर त्यांनी मित्राला लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. शब्दांचा हा धनी त्या पत्रात पुरता भांबावलेला दिसतो.

मठाची देखभाल १८८० पासून आयर्लंडच्या सार्वजनिक बांधकाम खात्याकडे आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस आधारभिंती ढासळू लागल्याचं लक्षात आलं आणि दुरुस्तीचं मोठं काम सुरू झालं. दगड बोटीतून आणि हेलिकॉप्टरनं न्यायचे, कामगारांनी उन्हाळाभर बेटावरच राहायचं, हिवाळा आला की थांबायचं. सोबत उत्खननही चालू राहिलं. १९९६ मध्ये युनेस्कोनं स्केलिगला जागतिक वारशाचा दर्जा दिला. पुढे दक्षिण शिखरावरच्या दुरुस्तीवरून वाद झाला. जुनं सावरण्याच्या नावाखाली नवंच बांधलं जातंय, असा आक्षेप होता. युनेस्कोकडून पाहणी झाली. काम गरजेचं होतं असा निर्वाळा मिळाला, पण उत्खननाचे निष्कर्ष लवकर छापा अशी समजही मिळाली. तो जाडजूड अहवाल २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. आक्षेप घेणाऱ्यांचं सगळं पटलं नाही तरी त्यांचे आभारच मानायला हवेत. कोरड्या रचाईची भिंत एकदा उतरवली, की मूळ कशी होती हे फक्त कागदावर उरतं.

मग सिनेमा आला. ‘स्टार वॉर्स’ मालिकेतल्या २०१५ च्या चित्रपटाचा शेवट याच पायऱ्यांवर चित्रित झाला आणि २०१७ च्या चित्रपटात बेट पुन्हा दिसलं. पक्षीप्रेमी आणि वारसाप्रेमी संस्थांनी चित्रीकरणाला विरोध केला होता. पुढच्या चित्रपटासाठी मग दगडी कुट्यांचा हुबेहूब सेट किनाऱ्यावर डिंगल द्वीपकल्पात उभारला गेला. स्केलिगवर पफिन पक्षी इतके होते, की दिग्दर्शकानं त्यांच्यावरून प्रेरणा घेऊन चित्रपटात एक नवाच गुबगुबीत प्राणी घातला. या सगळ्यानंतर जगभरातून माणसं येऊ लागली. तरी एका दिवसात जास्तीत जास्त १८० माणसांनाच उतरू द्यायचं, या मर्यादेवर सरकार ठाम राहिलं. उत्पन्नाचा मोह समोर असताना पाळलेली ही शिस्त कौतुकाची आहे. पायऱ्यांचा धोकाही खराच. २००९ च्या एकाच हंगामात दोन पर्यटक वेगवेगळ्या दिवशी पडून मरण पावले.

आज बेटावर खरी सत्ता पक्ष्यांची. शेजारच्या छोट्या स्केलिगवर गॅनेट पक्ष्यांच्या सुमारे ३५ हजार जोड्या घरटी करतात. दुरून तो खडक बर्फ पडल्यासारखा पांढरा दिसतो. मोठ्या स्केलिगवरचे पफिन ऑगस्टच्या सुरुवातीला समुद्रात निघून जातात. सर्वांत विलक्षण पाहुणा मात्र दिवसा दिसतच नाही. स्टॉर्म पेट्रल हा चिमणीएवढा, पंचवीसेक ग्रॅम वजनाचा काळा पक्षी. हिवाळा तो आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या समुद्रावर काढतो आणि उन्हाळ्यात अंडी घालायला इथे येतो. मोठ्या पक्ष्यांच्या भीतीनं तो काळोख पडल्यावरच जमिनीला लागतो. घरट्यासाठी त्याला हवी असते कपार, आणि भिक्षूंनी चुना न वापरल्यामुळे अशा कपारी त्याला हजारोंनी मिळाल्या. उन्हाळ्यातल्या रात्री मठाच्या भिंतींमधून या पक्ष्यांची घरघर ऐकू येते.

आयर्लंडला जाणार असाल तर लक्षात ठेवा, उतरण्याचा हंगाम मेच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत असतो आणि परवानाधारक बोटींची तिकिटं कित्येक महिने आधी संपतात. दोन-तीन दिवस हाताशी ठेवा. लाट नाही म्हणाली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा धक्क्यावर या. पायांत घट्ट बूट घाला. आणि वर पोचल्यावर कुट्यांच्या भिंतीतल्या फटींत बोटं घालू नका. आत कुणीतरी अंड्यावर बसलेलं असतं.